खुर्चीमागची मावशी

पोहांगच्या जुक्दो बाजारामागे, केस कुरळे करून देणाऱ्या एका दुकानाखालच्या तळघरात मेंग ओक-सुनचं पीसीबांग आहे. चाळीस संगणक, चाळीस फिरत्या खुर्च्या, दोन शेगड्या आणि या सगळ्यांना पुरून उरणारी तिची एकटीची जीभ. तासाच्या हिशेबाने खुर्ची घ्यायची, खेळायचं, भूक लागली की जागेवरच नूडल मागवायचे, असा तिथला रिवाज. नूडल घेऊन ओक-सुन स्वतः यायची. वाडगा ठेवायची, वर किमचीची ताटली ठेवायची, आणि जायचीच नाही.

खुर्चीमागे उभी राहायची. हात एप्रनमध्ये, मान जरा कलती. आधी नुसता एक उसासा यायचा. मग जिभेचा 'च्च'. आणि तिसऱ्या मिनिटाला तोंडाचा पट्टा सुटायचा.

"अरे, कोठार बांध! कोठार बांधल्याशिवाय नवे सैनिक कुठून निघणार? आभाळातून?"

ताऱ्यांवरच्या लढाईचा तो जुना खेळ. एकेकाळी आमच्या अख्ख्या देशाने शाळा, नोकऱ्या आणि ठरलेली लग्नं त्याच्यापायी पुढे ढकलली होती. ओक-सुनने दुकान काढलं ते त्याच काळात, नव्व्याण्णव साली. तेव्हापासून पंचवीस वर्षं तिने तो खेळ लोकांच्या खांद्यावरून पाहिला होता. कुणाचं सैन्य कुठे कच्चं आहे, शत्रू कुठल्या वाटेने येणार, हे तिला खेळणाऱ्याच्या आधी कळायचं. आणि खरं सांगायचं तर दहातल्या आठ वेळा बाई बरोबर असायची. म्हणूनच ती जास्त असह्य व्हायची. चुकीचा सल्ला देणाऱ्याला माणूस हाकलून तरी देऊ शकतो.

आमच्याकडे एक म्हण आहे, की दुसऱ्याच्या डावात नाक खुपसायची खोड गालावर चापट बसली तरी सुटत नाही. बाजारातल्या बाकांवर सोंगट्या खेळणाऱ्या म्हाताऱ्यांवरून ती पडली असावी. पण त्या म्हाताऱ्यांनी निदान आयुष्यात एकदा तरी सोंगटी हातात धरलेली असते. ओक-सुनने पंचवीस वर्षांत त्या खेळाचा एक डावही स्वतः खेळलेला नव्हता. आणि ही गोष्ट ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात चव्हाट्यावर आली.

त्या दिवशी चौदा नंबरवर दो जे-गिल बसला होता. पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवणारा, एक्केचाळिशीचा, रात्रपाळी संपवून सकाळी थेट इथे येणारा. सोळा वर्षांचा असताना शाळा बुडवून तो याच खुर्चीवर बसायचा. आज सोलच्या कुठल्याशा तरबेज गड्याला त्याने जवळजवळ लोळवलं होतं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"आता! आता घुस! काय बघत बसलायस?"

जे-गिल घुसला. आणि सगळं सैन्य गमावून बसला. दहातल्या उरलेल्या दोन वेळांपैकी ही एक.

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि खुर्ची गर्रकन फिरवली. "मावशी, पंचवीस वर्षं झाली. पंचवीस वर्षं तुम्ही माझ्या मानगुटीवर बसलायत. एकदा, फक्त एकदा हा माउस हातात धरून दाखवा."

"मला कामं आहेत."

"कामं? अर्धा तास झाला इथे उभ्या आहात. माझे नूडल फुगून दोरखंड झाले!"

आसपासचे चार-पाच जण हसले. ओक-सुनला राग आला, आणि रागाच्या भरात माणूस जे बोलतो ते सहसा साक्षीदारांसमोरच बोलतो. "धरते की! त्यात काय ठेवलंय? बोटंच तर हलवायची."

"मग लाइव्ह खेळा. सगळ्या देशाला दिसू दे. नाहीतर उद्या म्हणाल, घरी जिंकले, तुम्ही पाहिलं नाही."

"लाइव्ह तर लाइव्ह. शंभर दिवस दे मला." शंभर तिच्या तोंडून आपसूक आले. आमच्या आया मुलांच्या परीक्षेआधी शंभर दिवस डोंगरावरच्या दगडी बुद्धापुढे माथा टेकतात. शंभर दिवसांत दगड पाघळतो, तर खेळ कोण लागून गेला? "शंभर दिवसांत एक डाव जिंकले नाही, तर तुझ्याच काय, कुणाच्याही खुर्चीमागे उभी राहून मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही. जन्मात नाही."

कुणीतरी हळूच विचारलं, "मावशी, लिहून देता?"

"आणि जिंकले तर?" तिने जे-गिलकडे रोखून पाहिलं.

"तर मरेपर्यंत तुमचा सल्ला ऐकीन. वर मानही डोलवीन."

आता लाइव्ह म्हणजे काय करायचं, हे ओक-सुनला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होतं तिच्या धाकट्या बहिणीला. वरचं केसांचं दुकान ओक-जूचं. गिऱ्हाइकाच्या डोक्याला औषध लावून ती दिवसभर फोनवर लोकांची थेट प्रक्षेपणं बघत बसायची. कुणी खेळतंय, कुणी खातंय, कुणी नुसतंच झोपलंय. त्यामुळे या विषयातली आपण पंडित आहोत, अशी तिची पक्की समजूत होती. नाक खुपसणं त्या घरात वंशपरंपरेनेच चालत असावं.

ओक-जूने वरून गोल दिवा आणला, बहिणीच्या तोंडाला पावडर फासली, भुवया काढल्या आणि कॅमेरा बसवला. चॅनेलला नाव दिलं 'खुर्चीमागची मावशी'.

"ताई, हसत राहा. आणि मधूनमधून लोकांशी बोल."

"बोलायचं मला शिकवतेस?"

सकाळी दहाला पहिलं प्रक्षेपण सुरू झालं. ओक-सुन चाळीस मिनिटं बोलली. खेळाचा इतिहास सांगितला, तिन्ही फौजांचे गुणदोष सांगितले, जे-गिल कसा आगाऊ आहे ते नावानिशी सांगितलं. पाहणारा एकच होता. पडद्याच्या कडेला त्याच्या ओळी एकामागून एक वर सरकत होत्या, पण ओक-सुनला त्या जाहिराती वाटल्या. शेवटी ओक-जूच जिन्यावरून धडधडत खाली आली. तो एकुलता एक प्रेक्षक तीच होती.

"ताई, माइक बंद आहे! वीस वेळा लिहिलं! आणि कॅमेऱ्यात तुझं फक्त कपाळ दिसतंय!"

आमच्या मावशीच्या आयुष्यातली ती पहिलीच चाळीस मिनिटं, जी कुणालाही ऐकावी लागली नाहीत. आणि पहिला डाव? सहा मिनिटांत साफ. कोठार बांधायचं राहिलं होतं.

ओक-सुन थक्क होऊन पडद्याकडे बघत राहिली. कोठार बांधायचं हे तिला माहीत होतं. गेली पंचवीस वर्षं ती ते दिवसातून चाळीस वेळा ओरडत आली होती. पण डोळ्यांना दिसलेलं बोटांपर्यंत पोचेतो शत्रू दारात उभा असायचा. एक हात माउसवर, दुसरा कळफलकावर, इकडे खाण, तिकडे सैन्य, मध्येच टेहळणी. खांद्यावरून पाहताना हे सगळं एकच दिसायचं. हातात घेतल्यावर ते दहा ठिकाणी पळायला लागलं. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगीच नाही, पण हे त्या डोंगरावर चढताना धाप लागल्यावर सुचतं.

दहा दिवसांनी बातमी फुटली. फोडली अर्थातच जे-गिलने. जुन्या गिऱ्हाइकांच्या कुठल्याशा गटात त्याने एवढंच टाकलं: 'मावशी स्वतः खेळतेय. आणि हरतेय.'

मग काय! देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसं लोटली. कधीकाळी या तळघरात बसून शिव्या खाल्लेली पोरं आता मोठी झाली होती. देजॉनचा एक दंतवैद्य दोन रोग्यांच्या मध्ये डोकावायचा. एक बँकेतला साहेब बैठकीत बसून फोन मांडीवर ठेवायचा. कॅनडात जाऊन राहिलेला एक जण तिकडे संध्याकाळ झाली की बायकोमुलांसकट बसायचा. त्यांनी घेतलेली नावंही तशीच, 'फुगलेलं नूडल', 'तिसऱ्या रांगेतला गाढव', 'मावशीने वडिलांना फोन केला होता'. आणि सगळ्यांना हवा होता एकच आनंद.

'मावशी, कोठार बांधा.'

'मावशी, डावीकडे बघा. डोळे आहेत ना?'

'मावशी, आभाळातून निघणार का सैनिक?'

वर भानगड अशी की प्रक्षेपण काही सेकंद उशिरा पोचायचं. त्यामुळे सल्ला यायचा तो घर जळून गेल्यावर पाणी आणणाऱ्यासारखा. एका सकाळी ओक-सुनचा तोल गेला. माउस आपटून ती ओरडली, "गप्प बसा रे! मला दिसतंय! मला माझं खेळू द्या!"

मग एकाच वेळी सहाशे माणसं हसली. हसणं लिहूनच दाखवायचं असल्यामुळे पडदा खालपासून वरपर्यंत भरून गेला. पंचवीस वर्षांत या तळघरातल्या प्रत्येकाने तिला हेच, याच शब्दांत सुनावलं होतं. ओक-सुनच्या ते लक्षात आलं तेव्हा तिचे कान लाल झाले. पण ती कबूल थोडीच करणार होती? "हसा, हसा," ती म्हणाली. "तुमचे दात त्या दंतवैद्याला दिसू द्या."

तिच्या हरण्याचं खरं कारण ओक-जूने शोधून काढलं.

"ताई, समोरचा खेळाडूही तुझं प्रक्षेपण लावून ठेवतो. तू मोठ्याने सांगतेस, 'आता मी मागच्या दाराने जाते.' तो मागच्या दारात फौज घेऊन बसतो."

"मग काय करू?"

"बोलू नकोस."

ओक-सुनने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू श्वास घेऊ नकोस असं सांगितलंय. तरी तिने प्रयत्न केला. तोंडात पिवळ्या मुळ्याच्या लोणच्याची जाड फोड धरून ती खेळायला बसली. फोड अकरा मिनिटं टिकली. बाराव्या मिनिटाला ती चावून, गिळून, "ए, दक्षिणेकडून घेरते बघ आता याला!" असं शत्रूला कळवून मोकळी झाली.

साठ दिवस गेले. ऐंशी गेले. ती सुधारली नाही असं नाही. सहा मिनिटांत हरायची ती आता पंचवीस मिनिटांत हरू लागली. बोटं चालू लागली, कोठारं वेळेवर उभी राहू लागली. पण जिंकणं काही हाताला लागेना, आणि नव्वदाव्या दिवसापासून ओक-सुन मनातून घाबरली. नवरा मासळीच्या ट्रकवर, आठवड्यातून दोनदा घरी यायचा आणि जेवून झोपायचा. मुलगी सोलला, फोनवर 'जेवलीस का' यापुढे बोलणं जायचं नाही. ती दिवसभर जे काही बोलायची, ते याच चाळीस खुर्च्यांच्या मागे. ते बंद झालं तर या तळघरात ती नुसतीच नूडल उकडणारी बाई उरणार होती. हे तिने ओक-जूला एकदाच सांगितलं, तेही भांडी घासता घासता, पाठ वळवून. ओक-जूनेही वळून पाहिलं नाही. अशा वेळी न पाहण्याचीच आमच्याकडे रीत आहे.

शंभरावा दिवस डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला. बाजारात ग्वामेगी सुरू झाली होती, थंड वाऱ्यावर अर्धी सुकवलेली मासळी. कुणीतरी तिचं ताट आणून ठेवलं होतं, जिंकली तर तोंड गोड म्हणून. आता मासळीने कुठे तोंड गोड होतं? पण पोहांगात होतं. सकाळी अकराला ओक-सुनने शेवटचा डाव लावला. पाहणारे तेराशे होते. दुकानातली गिऱ्हाइकंही आपले डाव सोडून तिच्या मागे उभी होती, हात खिशात, मान कलती.

समोरचा गडी अनोळखी होता. नाव 'भरतीची लाट'. आणि चमत्कार असा की दहाव्या मिनिटाला ओक-सुन वरचढ होती. पंधराव्याला तिचं सैन्य त्याच्या दुप्पट झालं. पडद्यावर ओळींचा पूर आला. 'मावशी! मावशी! घुसा!' ओक-जू तोंडाला रुमाल लावून आधीच रडायला लागली होती.

आणि ओक-सुनचे हात थांबले.

पंचवीस वर्षांची नजर ती. लाटेची फौज तिच्या दारापर्यंत दोनदा आली होती आणि दोनदा दार उघडं बघून परत गेली होती. आपली एक खाण त्याने मोकळी टाकली होती. टेहळणीला पाठवलेला शिपाई तिची कच्ची बाजू सोडून नेमका भिंतीकडे बघत उभा होता. साहेबाशी पट मांडल्यावर नोकर जसा हरतो, तसा हा हरत होता. अदबीने, मापात, कुणाला कळू नये असा.

"कोण रे तू?" ती म्हणाली.

पलीकडची फौज आणखी दोन पावलं मागे सरली.

"मला खुळी समजतोस? दार उघडं दिसत नाही तुला? उजव्या बाजूला माझा एकही माणूस नाही. तिथून ये."

मागे उभ्या असलेल्यांत कुजबूज झाली. ओक-जूने तिचा दंड धरला. "ताई, एक मिनिट! एक मिनिट गप्प बस, जिंकशील!"

यात ओक-सुनचा मोठेपणा होता असं म्हणणारे आता पुष्कळ भेटतात. मला तसं वाटत नाही. डोळ्यांदेखत इतका भिकार खेळ चालला आहे आणि आपण तोंड मिटून बसायचं, हे तिला जमणंच शक्य नव्हतं. ज्या जिभेसाठी ती शंभर दिवस लढली, ती जीभ ऐन वेळी तिच्या बाजूने थोडीच राहणार होती?

"कोठार बांध आधी!" ती ओरडली. "सैनिक अडलेत तुझे. हां. आता ती मोकळी खाण घे. घेतलीस? आता सगळे एका जागी गोळा कर. घाई नको. घाई नको म्हणते ना! आता घुस!"

लाट काही सेकंद थबकली. मग ती आली. आणि काय आली म्हणता! उजव्या बाजूने, उघड्या दारातून, सांगितल्याबरहुकूम. ओक-सुनने जीव तोडून तोंड दिलं. एका हाताने ती लढत होती आणि तोंडाने त्याला लढवत होती. नऊ मिनिटांत तिचं शेवटचं घर पेटलं.

"असं खेळायचं असतं," ती दमून म्हणाली.

पडद्यावर लाटेची एकच ओळ उमटली. 'मावशी, मी जे-गिल. आज तरी गप्प बसायला काय घेतलं असतंत?'

ओक-सुनने ती दोनदा वाचली. ज्याने पैज घ्यायला लावली, तोच तिला ती जिंकवायला घरी चोरून बसला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पावडरीवरून ओघळलं. "आजपासून फुकट," ती म्हणाली, आणि प्रक्षेपण बंद केलं.

शब्द म्हणजे शब्द. दुसऱ्या दिवशी तिने वाडगा ठेवला, ताटली ठेवली आणि निघून गेली. गिऱ्हाइकं मागे वळून वळून बघायची. मागे कुणीच नसायचं. पहिल्या दिवशी लोकांना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी एकाने तिला तब्येत विचारली. तिसऱ्या दिवशी सात नंबरवरचा माणूस जिंकत आलेला डाव हरला आणि हेडफोन काढून म्हणाला, "इथे हल्ली लक्षच लागत नाही." ओक-सुन कोपऱ्यात भांडी घासत होती. ती आधीच घासलेली होती.

चौथ्या दिवशी सकाळी जे-गिल आला. कारखान्याचा कोट, डोळे रात्रपाळीने सुजलेले. "चौदा आणि पंधरा," तो म्हणाला. "दोन्हीचा एकेक तास."

ओक-सुनने भुवया उंचावून त्याच्या मागे पाहिलं. दुसरं कुणीच नव्हतं.

"येणार आहे एक जण. द्या तर खरं."

तिने दोन्ही संगणक सुरू करून दिले. जे-गिल चौदावर बसला, पंधरा नंबरची खुर्ची त्याने स्वतःजवळ ओढली आणि तिच्यावर थाप मारली. "बसा, मावशी."

तिने दोन बोटं ओठांवर ठेवून मान हलवली.

"शब्द दिलाय तो खुर्चीमागे उभी राहून बोलायचं नाही असा. मी तिथे होतो, मला पाठ आहे. इथे बसलेलं माणूस गिऱ्हाईक असतं. आणि गिऱ्हाइकाने शेजारच्या गिऱ्हाइकाला अक्कल शिकवू नये, असा कायदा या देशात अजून व्हायचाय."

दुकानातल्या सगळ्या खुर्च्या एकेक करून इकडे फिरल्या. ओक-सुनने एप्रनची गाठ सोडली, एप्रन घडी करून काउंटरवर ठेवलं, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून बसली. बसून आधी खुर्ची वर केली, मग खाली केली, मग पुन्हा वर केली.

"एक नूडल," ती म्हणाली. आवाज चार दिवस बंद ठेवल्याने जरा खरखरला. "अंडं घालून."

जे-गिल तिच्याकडे बघत राहिला. "पण नूडल करणार कोण?"

"मला काय विचारतोस? मी गिऱ्हाईक आहे."

तो मुकाट्याने उठला, शेगडीपाशी गेला, पातेलं शोधलं, नळाखाली धरलं. पातेलं अर्ध्यावर भरत होतं, तेवढ्यात पंधरा नंबरवरून आवाज आला.

"पाणी जास्त झालंय."